प्रोसेस कॉस्टिंगमध्ये इक्विव्हॅलंट युनिट्सचा माझा दर का जुळत नाही?

इक्विव्हॅलंट युनिट्स म्हणजे अर्धवट माल पूर्ण मालाच्या हिशोबात मोजून येणारी संख्या. तुमचं गणित थोडक्यात असं: पेंटच्या मिक्सिंग प्रोसेसमध्ये महिन्याच्या सुरुवातीला 200 लिटर माल अर्धवट (मटेरियल 100%, कन्व्हर्जन म्हणजे मजुरी आणि कारखान्याचा बाकी खर्च 50%), नवीन घातला 1,000 लिटर, 900 लिटर तयार होऊन पुढे गेला, 300 उरला (मटेरियल 100%, कन्व्हर्जन एक तृतीयांश). कन्व्हर्जनचा दर तुम्हाला 27.90 रुपये येतो. उत्तरांत मात्र फिफोने (फक्त या महिन्याचं काम आणि खर्च धरून) 31 आणि वेटेड ॲव्हरेजने (मागच्या महिन्याचंही त्यात मिसळून) 30.50 दिलाय.

27.90 कुठून आला हे उघड आहे. या महिन्याचा खर्च 27,900 रुपये तुम्ही 1,000 युनिट्सने भागलात. म्हणजे अंश फिफोचा आणि छेद ॲव्हरेजचा. मागच्या महिन्यात झालेलं काम छेदात धरायचं असेल, तर त्याचा खर्चही अंशात आलाच पाहिजे. नाहीतर दोन्ही बाहेर ठेवा. दोन पद्धतींत खरा फरक एवढाच आहे, पण क्लासमध्ये सूत्रं वेगवेगळी पाठ करून घेतात म्हणून तो दिसत नाही.

ॲव्हरेजने: 900 + 300 चा एक तृतीयांश = 1,000 युनिट्स. खर्च 27,900 + ओपनिंगमधला (सुरुवातीच्या अर्धवट मालावर आधीच झालेला) 2,600 = 30,500. दर 30.50.

फिफोने: त्याच 1,000 मधून ओपनिंगवर आधीच झालेलं 200 × 50% = 100 वजा, म्हणजे 900. खर्च फक्त 27,900. दर 31.

मटेरियल वेगळं काढा, कारण तिथे पूर्णत्वाची टक्केवारी वेगळी. ॲव्हरेजने 1,200 युनिट्स, खर्च ओपनिंगमधला 10,000 + या महिन्याचा 56,000, दर 55. फिफोने 1,000 युनिट्स, खर्च 56,000, दर 56. हाच माल डब्यात भरण्याची प्रोसेस असती आणि डबा अगदी शेवटी लागत असता, तर क्लोजिंग (शेवटी उरलेल्या) मालात डब्याचे युनिट्स शून्य. "माल 60% पूर्ण" असा एकच आकडा सगळ्या खर्चांना लावायचा मोह इथेच गोत्यात आणतो.

आता ताळा. ॲव्हरेजने तयार माल 900 × 85.50 (55 + 30.50) = 76,950 आणि क्लोजिंग 16,500 + 3,050 = 19,550. फिफोने क्लोजिंग 16,800 + 3,100 = 19,900. तयार मालात ओपनिंगचे 12,600 (10,000 + 2,600), ते पुरं करायला 100 × 31 = 3,100, आणि या महिन्यातच सुरू होऊन संपलेले 700 × 87 (56 + 31) = 60,900; एकूण 76,600. दोन्हीकडे बेरीज 96,500. ती जुळली नाही तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा फिफोत 700 च्या जागी 900 घेतलेले असतात.

नॉर्मल लॉसबद्दलही (प्रोसेसमध्ये अपेक्षितच असलेली घट) विचारलंत. त्याला युनिट्स द्यायचे नाहीत; त्याची भंगार किंमत मटेरियलच्या खर्चातून वजा करायची, बाकी भार चांगल्या मालावर आपोआप पडतो. ॲबनॉर्मल लॉसला (अपेक्षेपेक्षा जास्त घट) मात्र तो ज्या टप्प्यावर झाला तेवढ्या पूर्णत्वाचे युनिट्स द्यायचे आणि त्याची किंमत वेगळ्या खात्यात न्यायची. ॲबनॉर्मल गेन (घट अपेक्षेपेक्षा कमी) असेल तर तो 100% पूर्ण धरून एकूण युनिट्समधून वजा करा.