कॅल्शियम ‘वाहिनी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: वेदनेवरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘वेदनाग्राही चेतापेशींमधील कॅल्शियम वाहिन्या वेदनेचे संदेश मेंदूकडे वाहून नेतात’ असं वाक्य तयार झालं. यात इंग्रजी ‘चॅनेल’साठी ‘वाहिनी’ योग्य आहे का, की ‘मार्गिका’ म्हणावं?

माझं मत: ‘वाहिनी’ नको, ‘मार्गिका’ चालवून घेता येईल, ‘चॅनेल’ सगळ्यांत बरं. पण या वाक्यातली खरी गफलत नामात नाही, क्रियापदात आहे. आणि ते क्रियापद ‘वाहिनी’नेच आपल्यासोबत ओढून आणलंय, असा मला दाट संशय आहे.

‘वाहिनी’ म्हटलं की रक्तवाहिनी आठवते, जलवाहिनी आठवते. (वृत्तवाहिनीही आठवते, पण तिला इथे नको आणूया.) या सगळ्यांना लांबी असते. इथून काही घ्यायचं आणि दूर कुठेतरी नेऊन पोचवायचं, हे त्यांचं काम. पेशीचं आवरण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकंही जाड नसतं. त्यात आरपार बसलेला प्रथिनाचा रेणू म्हणजे हे चॅनेल. ते दार आहे, रस्ता नाही. एरवी मिटलेलं असतं. आवरणावरचा विद्युतदाब ठरावीक इतका बदलला की क्षणभर उघडतं. पेशीबाहेर कॅल्शियमचं प्रमाण आतल्यापेक्षा दहा हजार पटींच्या घरात असतं, त्यामुळे दार उघडताच ते आपसूक आत घुसतं. शिवाय हे दार निवडक आहे. सोडियमचा आयन (विद्युतभारित अणू) आकाराने जवळजवळ तेवढाच आणि बाहेर संख्येने कितीतरी जास्त, तरी त्याला सहसा प्रवेश नाही. ‘मार्गिका’ या शब्दात ना ही उघडझाप येते, ना ही निवड. म्हणून तो फक्त ‘चालवून घेण्याजोगा’.

आता क्रियापद. बोट पोळलं की त्वचेतल्या चेतातंतूच्या टोकाशी विद्युतसंदेश उठतो आणि तंतूतून धावत मेरुरज्जूपर्यंत येतो. हे धावणं मुख्यतः सोडियम चॅनेल्सच्या जिवावर चालतं. काही तंतू वेगवान असतात, तर सर्वांत बारीक तंतूंमधून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर एवढ्या संथपणे येतो. आधी सणक आणि मग मागून रेंगाळणारी जळजळ, अशा दोन वेदना जाणवतात त्या यामुळेच. (मराठीत दोन्हींसाठी वेगळे शब्द मुळातच आहेत, ही चैनच.) कॅल्शियम चॅनेलचं मोठं काम तंतू मेरुरज्जूत संपतो तिथे असतं. संदेश त्या टोकाला पोचला की तिथली चॅनेल्स उघडतात, विशेषतः ‘एन’ प्रकारची. आत आलेल्या कॅल्शियममुळे रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आवरणाला चिकटून फुटतात. ग्लुटामेट, सबस्टन्स पी वगैरे बाहेर पडतं आणि पुढची पेशी चेतते. म्हणजे कॅल्शियम चॅनेल संदेश ‘वाहून नेत’ नाही, तो पुढच्या पेशीला ‘द्यायला लावतं’.

औषधांकडे पाहिलं की हा फरक नुसता शब्दांचा राहत नाही. कोनस मॅगस नावाची समुद्री गोगलगाय माशांची शिकार विषाने करते. त्या विषातल्या एका घटकाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत म्हणजे झिकोनोटाइड. ते एन प्रकारच्या चॅनेलचं तोंडच बंद करतं. २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण ते मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात थेट सोडावं लागतं, त्यामुळे फार तीव्र वेदनांसाठीच राखून ठेवलेलं आहे. मॉर्फिनच्या परिणामाचाही एक भाग इथेच घडतो: ते पेशीवरच्या आपल्या ग्राहकाला (ठरावीक रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं आणि त्यातून पेशीत जी साखळी सुरू होते, तिच्यामुळे ही चॅनेल्स उघडणं अवघड होतं.

ओघाने एक सावधगिरी. पुढे लेखात ‘कॅल्शियम चॅनेल रोधक’ आलं, तर कोणतं चॅनेल ते लिहाच. हा शब्द वाचकाने बहुधा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या संदर्भात ऐकलेला असतो. ॲम्लोडिपिनसारखी ती औषधं रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधल्या ‘एल’ प्रकारच्या चॅनेलवर काम करतात. ती वेदनाशामक नव्हेत. आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांना ‘रोधक’ म्हणू नये हे बरं. ती दार अडवत नाहीत. चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा या जोडभागाला चिकटतात, त्यामुळे तंतूच्या टोकाशी पोचणाऱ्या चॅनेल्सची संख्या घटते. (गॅबापेंटिन हे नाव ‘गाबा’ या रसायनावरून आलं, पण गाबाच्या ग्राहकांवर ते काम करत नाही. नावं फसवतात ती अशी.)

‘वेदनाग्राही’बद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. ‘नोसिसेप्टर’ ही मूळ संज्ञा ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या सुमारास रूढ केली, ती ‘इजा करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. या पेशी इजेची वर्दी देतात. वेदना जाणवते ती मेंदूत. पूर्ण भूल दिलेल्या माणसावर शस्त्रक्रिया होते तेव्हा या पेशी वर्दी देतच असतात, वेदना मात्र नसते. ‘इजाग्राही’ अधिक काटेकोर ठरेल, पण ‘वेदनाग्राही’ रुळलाय, तो राहू द्या. फक्त त्यांच्यापुढे ‘वेदनेचे संदेश’ न लिहिता ‘इजेचे संदेश’ लिहा.

तेव्हा वाक्य असं करता येईल: ‘वेदनाग्राही चेतापेशींच्या मेरुरज्जूतील टोकांशी असलेली कॅल्शियम चॅनेल्स उघडली, की इजेचा संदेश पुढच्या चेतापेशीला दिला जातो.’

लिंगाबद्दल: ‘तो चॅनेल’ आणि ‘ते चॅनेल’ दोन्ही ऐकू येतं. मी नपुंसकलिंगी वापरतो. तुम्ही कोणतंही घ्या, फक्त लेखाच्या शेवटापर्यंत तेच ठेवा.