कुंपणाच्या लाकडी खांबांची डोकी रोवण्याआधी कापावीत की नंतर?

प्रश्न असा आहे: जांभ्याच्या उतारावर चार-बाय-चारचे ऐनाचे खांब लावायचेत, वरची टोकं एका रेषेत हवीत, मापात कापूनच आणायचे का?

नाही. रोवून मग कापायचे. "वखारीतनंच सारखे करून आणा" म्हणणाऱ्या सुतारांशी माझा यावरून जुना वाद आहे. जांभ्यात सगळे खड्डे एका खोलीचे पडत नाहीत. एक खड्डा दोन फूट जातो, शेजारचा दीड फुटावर अडतो. मग सारखे कापलेले खांब खालून चिपा घालून वर करत बसा! शिवाय खांब बसवताना वरून घण पडला की डोकं फुटतं आणि बारीक चिरा इंच-दोन इंच खाली जातात. तो भाग काढावाच लागतो. म्हणून प्रत्येक खांब तीन इंच लांब घ्या.

दोन्ही टोकांचे खांब आधी नक्की करा. जमीन सपाट असेल तर पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या. उतारावर मात्र लेव्हलची दोरी बांधू नका, एका टोकाला कुंपण कमरेला आणि दुसऱ्या टोकाला डोक्याच्या वर जाईल. दोरी जमिनीच्या उताराबरोबर ताणा. लांब दोरीला झोळ पडतो, तेव्हा मधल्या एखाद्या खांबावर खिळा मारून टेकू द्या.

आता खरा मुद्दा. डोकं सपाट कापू नका. दिसायला छान, हा सुतारांचा दुसरा लाडका युक्तिवाद. लाकडाचा आडवा काप म्हणजे उघड्या नळ्यांची तोंडं. बाजूच्या अंगापेक्षा तिथून पाणी कितीतरी जास्त ओढलं जातं. श्रावणात सपाट डोक्याचा खांब जवळून बघा: मध्ये पाणी थबकलेलं, कडेला काळं वलय, आणि कोपऱ्यावरचा पांढरा भाग अंगठ्याने दाबला की स्पंजासारखा दबतो. आतला गाभा टिकतो, पण चिरेतून पाणी खाली उतरतं आणि आडव्या पट्टीच्या खिळ्यांपर्यंत पोचतं.

चार इंचाला एक इंच उतार पुरे. दोरीची खूण ही उंच कड धरा, आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूला. समोरच्या बाजूला खूण एक इंच खाली. गुण्या (सुताराचा काटकोन) लावून या दोन आडव्या रेषा मारा आणि उरलेल्या दोन अंगांवर त्यांना जोडणारी तिरकी रेष. ७ इंची कटरचं (विजेच्या गोल करवतीचं) पातं साधारण ६५ मिमी आत जातं, एका बाजूने चार इंच कापलं जात नाही. पातं तिरकं करायची गरज नाही. काटकोनातच ठेवून दोन्ही तिरक्या रेषांवरून समोरासमोर कापा. शेवटी वरचा तुकडा कोणीतरी धरा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कडेची चिरफळी उडते. गोल खांबाला पत्र्याची सरळ पट्टी गुंडाळा, कड कडेला जुळली की पेन्सिल फिरवा; ही फक्त आडवी खूण, तिरका काप तिच्यापासूनच खाली धरा.

कापल्या दिवशीच काजूच्या टरफलाचं तेल किंवा लाकडाचं औषध ब्रशने द्या, पिणं थांबेपर्यंत. लाकूड कोरडं हवं, त्यामुळे हे काम एप्रिल-मेचं. ओल्या डोक्यावर ऑइलपेंट मारला तर ओल आतच कोंडते. उलटा डबा घालणाऱ्यांचंही तेच होतं. पत्र्याची टोपी घालायचीच तर खाली हवा खेळू द्या आणि कडा अर्धा इंच बाहेर काढा. समुद्राजवळ स्क्रू स्टेनलेसचेच.

हो, कटर चालवण्याआधी जुने खिळे आणि तारेचे तुकडे शोधा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. औषध मारलेल्या लाकडाचे तुकडे न्हाणीच्या चुलीत घालू नका, धूर विषारी असतो. आणि खांब पांगाऱ्याचे किंवा गिरीपुष्पाचे, पालवी फुटणारे असतील तर वरचं तेल-औषध विसरा: नुसता तिरका काप आणि वर शेणाचा गोळा.