ओळखीतल्या लोकांना डिझाईनचे पैसे कसे मागावेत?

तुम्ही विचारलंय, गावात लग्नाचे, वाढदिवसाचे बॅनर डिझाईन करता, ओळखीचे लोक ‘पाच मिनिटाचं तर काम’ म्हणून पैसे देत नाहीत, किती घ्यावे? बॅनरचा दर मी नाही सांगू शकत. मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवतो. पण ते ‘पाच मिनिटाचं काम’ वाचून राहवलं नाही.

२००८ साल. गावचं मंडळ शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री नाटक करणार होतं, कारभार माझ्या मामाजींकडे. महाल, जंगल, रस्ता असे तीन पडदे हवे होते. मांजरपाटाचं कापड, खडूची भुकटी, रंग धरून ठेवणारा चिकट सरस, रंग मिळून १,८५० रुपये लागले आणि रात्री धरून ११ दिवस. सरस कमी पडला तर रंग हाताला येतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो. हा अंदाज यायला मला ६ वर्षं लागली, कापड किती वाया गेलं त्याचा हिशोब नाही. मी ६,००० सांगितले.

मामाजी म्हणाले, “का गा, घरचं काम हाय. रंगाचे घे, हाताचे काऊन मांगून रायला? रंगच तर फासाचा हाय.”

मंडपवाल्याला, लाइटवाल्याला, वडशाहून ठरवलेल्या नट्यांना ॲडव्हान्स आधीच गेला होता. मला नारळ, शेला आणि माइकवर नाव. टाळ्या खूप पडल्या. सकाळी घरी आलो तर आईनं किराण्याच्या उधारीची वही पुढे ठेवली.

पुढच्या वर्षी मी कागदावर लिहून दिलं: सामान वेगळं, मजुरी वेगळी, अर्धे आधी. मामाजी दोन वर्षं बोलले नाहीत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा “आपल्या झाडीची कला” म्हणत गावात पेढे मामाजींनीच वाटले. त्यांचा अभिमान खराच आहे. पण पडदे रंगवणाऱ्याच्या घरीही किराणा लागतो, हे त्यांना आजवर पटलेलं नाही.

तुम्ही दिवस मोजा. गवंड्याच्या रोजीपेक्षा कमी घेऊच नका, तोही हातानंच काम करतो. अर्धे पैसे आल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करू नका, भाऊबंद असला तरी. फ्लेक्स छापणाऱ्याला तोच माणूस स्क्वेअर फुटानं मोजून देतो ना?

हां, मयतीच्या घरचं काम आणि झेडपी शाळेच्या भिंती, याचे मी घेत नाही. शेजारी आमच्या धानाची चिखलणी करून देतो, त्यालाही बिल देत नाही. हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि मामाजी, कोणी हे तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. तो जंगलाचा पडदा अजून समाजमंदिरात बांबूवर गुंडाळून आहे. गेल्या हंगामात तुम्हीच लावायला सांगितला. मी जवळ जाऊन पाहिला, कुठेच तडकलेला नाही.