दवाखान्यात सुरू झालेलं इन्सुलिन कायमचं लागतं का?

वडील न्यूमोनियाने अ‍ॅडमिट आहेत, मधुमेहाच्या घरच्या गोळ्या बंद करून इन्सुलिन चालू केलंय, शुगर १६५ आली तरी डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणतात, आणि हे आता जन्मभराचं का, असं तुम्ही विचारलंय. मी मेडिसिन वॉर्डात काम करतो. राउंडला हा प्रश्न ठरलेलाच.

बहुतेक वेळा जन्मभराचं नसतं. (टाइप १, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा मधुमेह, असेल तर गोष्ट वेगळी, तिथे इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही.) संसर्गात शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनॅलिन जास्त सोडतं आणि साखर चढते. जेवण अर्धवट, किडनीवर ताण. अशात मेटफॉर्मिनची गोळी अंगाशी येऊ शकते. ग्लिमेपिराइडची गोळी तर पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढत राहते, आणि गिळलेली गोळी परत काढता येत नाही. इन्सुलिनचे युनिट मात्र दर जेवणाला बदलता येतात.

१६५ खरंच ठीक आहे. आयसीयूत साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवायचा हट्ट २००९च्या नाइस-शुगर अभ्यासात तपासला गेला. त्या गटात, १८०च्या आत एवढंच धोरण असलेल्या गटापेक्षा मृत्यू जास्त झाले. म्हणून आता बहुतेक रुग्णांना १४० ते १८० चालतं.

मला जास्त खटकतं ते ‘शुगर बघून इन्सुलिन’. आकडा चढला की टोचायचं, नाही चढला की काहीच नाही. मग शुगर दिवसभर वरखाली. दिवसातून एकदा लांब चालणारं आणि जेवणाआधी झटपट काम करणारं, अशी जोडी आहे का, हे नक्की विचारा. स्टेरॉइड चालू असेल तर दुपारनंतर आकडे चढतात, घाबरू नका.

तुमच्या हातात दोन गोष्टी. बोट टोचण्याआधी शहाळं, बिस्किट दिलं असेल तर सिस्टरना सांगा. आणि इंजेक्शन दिलंय पण ताट आलं नाही, तर लगेच ओरडा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की शुगर तपासायला लावा. ७०च्या खाली असेल आणि शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

डिस्चार्जच्या वेळी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, बघतात. तो आधीपासून बरा असेल तर बरेच जण गोळ्यांवर परततात. इन्सुलिन घरी चालू ठेवलंच, तर सिरिंज नीट बघून घ्या: ४०च्या (एका मिलीलिटरला ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची, १००च्या बाटलीला केशरी.