गणित सोडू नको म्हणावं तिला

देवगडच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावीला, क्लासवाले म्हणतायत मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायचीय तर गणित सोड, आणि ती मात्र बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या एका प्रोफेसरांचं लेक्चर बघून प्रोटीन डिझाइनचा, म्हणजे नवी प्रोटीन्स कॉम्प्युटरवर आखण्याचा ध्यास घेऊन बसलीय. हे डॉक्टरकीचं की कॉम्प्युटरचं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीचं, म्हणून तर गणित सोडायचं नाही.

बघा, प्रोटीन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, ती दुमडते आणि जसा आकार तसं तिचं काम. नुसती १०० मण्यांची माळ घेतली तरी ती ओवायचे प्रकार १ वर १३० शून्यं एवढे, मग हाताने कोण करून बघणार? अमेरिकेतल्या डेव्हिड बेकरांच्या ग्रुपने २००३ साली कॉम्प्युटरवर आखून निसर्गात नसलेल्या आकाराचं प्रोटीन खरंच बनवलं, त्यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल मिळालं.

आणि आपल्या कोकणात याचं काय, तर साप. सर्पदंशावरचं औषध आजही घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून काढतात. २०२५ च्या जानेवारीत बेकरांच्याच ग्रुपने नागाच्या जातकुळीतल्या सापांच्या विषातल्या घटकांना धरून ठेवणारी छोटी प्रोटीन्स डिझाइन केल्याचं छापून आलं, उंदरांवर ती चाललीसुद्धा. माणसांपर्यंत यायला अजून वेळ आहे, आणि आपल्या कातळावरचं फुरसं या जातकुळीतलं नाही, त्याचं विष वेगळं, ते काम कुणीतरी करायचंच आहे. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचारांचं जे संशोधन केलं ते आठवा, प्रश्न घराजवळचा असला की माणूस चिकाटीने लागतो.

आता पोटापाण्याचं, ते स्पष्टच सांगते. नुसत्या डिग्रीवर यात भागत नाही, पीएचडी लागते, म्हणजे बारावीनंतर नऊ-दहा वर्षं धरा, पण पीएचडीला फेलोशिप मिळते, तेव्हा सगळा भार तुमच्यावर येणार नाही. आयसर पुणे या विज्ञान संशोधन-शिक्षणाच्या सरकारी संस्थेत जायचं तर आयएटी ही प्रवेश परीक्षा, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो असे चारही विषय येतात. गणित आणि बायो दोन्ही ठेवलं तर नीटसुद्धा देता येतेच, अभ्यास जास्त होईल हे मात्र खरं.

तिला सध्या पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू दे आणि प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयचा डेटाबेस फुकट आहे, त्यात नागाच्या विषातलं एखादं प्रोटीन शोधून फिरवून बघू दे. दिवाळीपर्यंत गोडी टिकली तर पुढचं पत्र तिलाच लिहू दे.