सासरे लेफ्टनंट कर्नल होते. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे मृत्यूनंतर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनाविधीला, त्यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचंय. काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांची कागदपत्रं पेटीत आहेत, चर्चमधले सगळे त्यांना ओळखायचे आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही.

आधी फादरना विचारा, बोलायचं नेमकं कधी. प्रवचनाच्या जागी मृताचं गुणगान करायला कॅथलिक विधीत परवानगी नाही. घरच्यांपैकी एकजण दोन शब्द बोलतो तो ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाल्यावर, मिस्साच्या अगदी शेवटी. तोवर लोकांची चुळबुळ सुरू झालेली असते. पाच मिनिटांत मराठीचे साधारण पाचशे शब्द बसतात, पण चर्चमध्ये आवाज घुमतो आणि हळू बोलावं लागतं, म्हणून चारशेवर थांबा. मोठ्या टायपात छापून न्या. मोबाइलवरून वाचताना मान खाली जाते आणि आवाज माइकला सोडून जातो.

आता पेटी उघडा. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, पहिला काढा. हुद्दा, कमिशनची (अधिकारी म्हणून नेमणुकीची) तारीख आणि निवृत्तीची तारीख त्यावर असते. घरात सांगितल्या जाणाऱ्या तारखा बहुतेक वेळा वर्षभर पुढेमागे असतात. नेहमीची चूक म्हणजे ‘एनडीएतून कमिशन मिळालं’. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) तीन वर्षं; कमिशन त्यानंतर डेहराडूनच्या आयएमएतून (इंडियन मिलिटरी अकॅडमीतून). शिवाय खडकवासल्याची एनडीए 1955 मध्ये सुरू झाली, त्याआधीच्या तुकड्या डेहराडूनलाच शिकल्या. सेवा क्रमांकाची सुरुवातही बघा: ‘आयसी’ म्हणजे कायम कमिशन, ‘एसएस’ म्हणजे शॉर्ट सर्व्हिस, ‘ईसी’ म्हणजे 1962 च्या चीन युद्धानंतर दिलेलं आणीबाणीचं कमिशन.

मेडलांचा बार हातात घ्या, कडेवरची अक्षरं भिंगाने वाचा. भाषण बिघडतं ते इथेच. 1971 चं ‘संग्राम मेडल’ प्रत्यक्ष न लढलेल्यांनाही मिळालं. प्रत्यक्ष आघाडीवर असलेल्यांना ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’. 1965 चंही तसंच: ‘रक्षा मेडल’ सरसकट, ‘समर सेवा स्टार’ लढाईच्या क्षेत्रातल्यांना. नुसतं संग्राम मेडल असताना ‘एकाहत्तरच्या युद्धात लढले’ असं म्हटलंत, तर मागच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना ते लगेच कळेल, आणि गप्प बसलेल्या फौजी माणसाचा चेहरा फार बोलतो. 25 व्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल असेल तर 15 ऑगस्ट 1972 ला ते गणवेशात होते, 50 व्याचं असेल तर 1997 ला, एवढं मात्र खात्रीने सांगता येतं. नावापुढे लावायची ती फक्त सेना मेडल, विशिष्ट सेवा मेडल अशी सन्मानाची पदकं. स्टार आणि सेवामेडलं लावत नाहीत.

कार्डावर ‘लेफ्टनंट कर्नल अमुक (निवृत्त)’ असं छापा. ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर येतो, कारण माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. ‘फक्त लेफ्टनंट कर्नल’ म्हणून कुणी खंत करत असेल तर त्यांना सांगा: डिसेंबर 2004 च्या आधी हा हुद्दा मुख्यतः निवडीने मिळायचा. तेरा वर्षं सेवा झाली की मिळतो, हे त्यानंतरचं.

पोस्टिंगची यादी मात्र वाचू नका. गावांची दहा नावं ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. त्याऐवजी एकच काळ घ्या: ते फील्ड एरियात, जिथे कुटुंब नेता येत नाही, आणि सासूबाई मुलांना घेऊन सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. मुलांची शाळा किती वेळा बदलली, गॅस आणि ट्रंका कोण हलवत होतं, हे सासूबाईंना विचारा. त्यांचं नाव भाषणात यायलाच हवं. नाहीतर अर्धी नोकरी सांगायची राहिली.

चर्चचं काम सांगताना ‘सेवाभावी होते’ हा शब्द काढून टाका आणि काम लिहा. ते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत (गरजूंच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या चर्चच्या संस्थेत) असतील तर दर आठवड्याला कुणाच्या घरी जायचे? (कुटुंबांची नावं मात्र घेऊ नका, मदत गुपचूप दिलेली असते.) मिस्सात बायबल वाचणारे वाचक असतील तर कोणत्या मिस्साला? गावठाणातल्या क्रूसापाशी मे महिन्यात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, तिथल्या खुर्च्या कोण मांडायचं? बाप्तिस्मा आणि लग्नाच्या तारखा पॅरिशच्या रजिस्टरमध्ये मिळतील.

तिरंगा फोटोवर किंवा टेबलावर पांघरायचा विचार असेल तर नको. ध्वजसंहितेनुसार तो पांघरण्यासाठी वापरता येतो तो फक्त शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यविधीत, केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला, आणि कबरीत तो उतरवायचा नसतो. फोटोशेजारी त्यांची रेजिमेंटची टोपी आणि मेडलं ठेवलीत तरी पुरे.

रेजिमेंटचे लोक येणार असतील तर चार वाक्यं हिंदीत ठेवा. त्यातले बरेचजण मराठी नसतील. आणि कार्डावर किंवा व्हॉट्सअॅपवरच्या सूचनेत सेवा क्रमांक, पीपीओ क्रमांक, जन्मतारीख छापू नका. तेवढ्या माहितीवर सासूबाईंना कौटुंबिक पेन्शनच्या नावाने खोटे फोन येऊ शकतात.