फ्रीज नव्हते तेव्हा मुंबईत आईस्क्रीम कसं बनवायचे?

बर्फ वापरूनच. फक्त तो बर्फ अमेरिकेतून यायचा!

बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने विकायचा धंदा काढला होता. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' जहाज कलकत्त्याला लागलं. निघताना १८० टन भरलेल्या बर्फापैकी चार महिन्यांनी सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईतही पोचला. मुंबईचे पारशी व्यापारी जमशेदजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी तेव्हा छापून आल्याचं सांगतात. (म्हणजे 'थंड खाऊ नकोस' हा आपल्या आयांचा धाक चांगला जुना आहे.)

आता नुसत्या बर्फाने दूध गोठत का नाही? बर्फ ०° सेल्सिअसला वितळतो, पण साखर घातलेलं दूध गोठायला त्याहून कमी तापमान लागतं. बर्फात जाडं मीठ मिसळलं की तो खाऱ्या पाण्यात वितळत राहतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. प्रमाण जमलं तर तापमान जवळजवळ उणे २१ पर्यंत उतरतं. आईस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये दुधाचा मधला डबा गोल फिरवत राहायचा, तो याच बर्फ-मिठाच्या मिश्रणात. फिरवणं थांबलं की बर्फाचे खडे जमतात आणि आईस्क्रीम जिभेला करकरीत लागतं.

उन्हाळ्यात आंब्याचा रस घालून पॉट फिरवायला घरात रांग लागायची. हात दुखायला लागले की मोठी माणसं आठवायची.